३४ नंबरचा जॉब

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा छंद' या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी एकाने नर्मदा परिक्रमेचे अनुभव सांगितले, एकीने गच्चीवरच्या बागेचे फोटो दाखवले. माझ्या छंदाचे फोटो दाखवण्यासारखे नाहीत. त्यात एक पत्र्याची शेड, भरपूर कोळसा आणि तेलकट बनियन घातलेला मी, एवढंच दिसतं. मी घरी लेथ बनवला. विकत आणून बसवला नाही, बनवला. परसात जिथे पूर्वी आमचा आंघोळीचा बंब आणि वडिलांची सायकल असायची, तिथे. २२ महिने लागले.

ज्या मैत्रिणींना टेक्निकल विषय नव्हता त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुंभाराचं चाक आडवं धरा. मातीच्या जागी लोखंडाचा तुकडा, बोटांच्या जागी धारदार हत्यार. तुकडा फिरतो, हत्यार त्याला घासून पुढे सरकतं, आणि जे उरतं ते गोल असतं. तुकडा धरून फिरवणारं डोकं म्हणजे हेडस्टॉक. हत्यार घेऊन सरकणारी गाडी म्हणजे कॅरेज. ती गाडी ज्या रुळांवर सरकते तो बेड. लेथचं सगळं इमान या बेडवर. रूळ वाकडे असतील तर वरचं सगळं वाकडं.

आपण उद्यमनगराच्या गावातली मुलं. लेथचा आवाज आपल्याला देवळाच्या घंटेइतका ओळखीचा. त्यामुळे गेली दोन वर्षं मला जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला, "अरे, जुना लेथ घ्यायचास की! उद्यमनगरात भंगाराच्या भावात मिळतो." मी वेगवेगळी उत्तरं द्यायचो. जागा लहान आहे, डॉक्टरांनी हात चालता ठेवायला सांगितलंय, पेन्शनीत वेळ जात नाही. यातलं एकही पूर्ण खरं नव्हतं. खरं उत्तर आज सांगणार आहे, पण ते या गोष्टीत मध्येच कुठेतरी येतं, तेव्हा थोडा धीर धरा.

मूळ कल्पना माझी नाही. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी भंगारातून घरच्या घरी वर्कशॉप उभं करण्यावर पुस्तकांची एक मालिकाच लिहिली. पहिलं पुस्तक कोळशाच्या भट्टीचं, दुसरं लेथचं. हाताशी काहीच नाही असं धरून ते सुरुवात करतात. भट्टीत ॲल्युमिनियम वितळवा, त्याचे भाग ओता, ते हाताने सरळ करा, आणि अर्धवट झालेल्या लेथकडूनच लेथचे पुढचे भाग करून घ्या. आपल्याकडे म्हणतात ना, लेथ ही सगळ्या यंत्रांची आई. पण या आईला कोणी जन्म दिला, हा प्रश्न मला नववीत पडला होता आणि मी सरांना विचारलाही होता. सर म्हणाले होते, "हातानं. आधी तू हातातली कानस सरळ धर." उत्तर बरोबर होतं. १८०० च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी स्क्रू कापणारा नामांकित लेथ बनवला, तेव्हा त्याचे रूळ सपाट करून द्यायला कोणतंही मशीन नव्हतं. छिन्नी, कानस, स्क्रेपर आणि माणसाचे दंड.

भट्टीचं काम मजेचं. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा, आतून फायर क्लेचं अस्तर, खाली हवेला भोक, आणि लोहार वापरतात तो हाताने फिरवायचा ब्लोअर. गॅरेजवाल्यांकडून जुने पिस्टन किलोवर घेतले. पिस्टनचं ॲल्युमिनियम ओतकामाला उत्तम, कारण मुळात ते ओतूनच बनवलेलं असतं. साधारण ६६० अंशांना ॲल्युमिनियम वितळतं, आणि कोळसा ब्लोअर लावला की त्याच्या कितीतरी पुढे जातो. मूस मात्र ग्रॅफाइटची विकत आणली. तिथे काटकसर केली नाही.

साच्याची माती म्हणजे बारीक वाळू, थोडी बेंटोनाइट माती आणि अगदी बेताचं पाणी. मुठीत दाबली की मुठीचा आकार राहिला पाहिजे आणि मोडली की भाकरीसारखी स्वच्छ तुटली पाहिजे. ही परीक्षा मला एका ओताऱ्याने शिकवली. पॅटर्न लाकडाचे केले. थंड होताना ॲल्युमिनियम आक्रसतं, म्हणून फुटामागे सुमारे ४ मिलीमीटर पॅटर्न मोठा धरावा लागतो. पॅटर्न सुटून यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची. ती संपली की नातवाची पावडर. हिने दोन डबे गेल्यावर तिसऱ्याला कुलूप लावलं.

बेड ओतायचा पहिला दिवस अजून आठवतो. पहाटेपासून तयारी. धातू लाल-चंदेरी झाला, वरची मळी काढली, ओतायला सुरुवात केली आणि साचा पाऊण भरल्यावर मूस रिकामी! हिशेबात मी वाट आणि रायझरमध्ये जाणारा धातू धरलाच नव्हता. ३६ वर्षं बँकेत बेरजा केल्या आणि इथे बेरीज चुकली. दुसऱ्या खेपेला त्याहून वाईट चूक केली. रात्री उघड्यावर राहिलेली ॲल्युमिनियमची लादी न तापवता मुशीत टाकली. तिच्यावरचं दव मला दिसलं नव्हतं. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या धातूखाली सापडला की क्षणात त्याची वाफ होते आणि ती धातू उडवते. फटाक्यासारखा आवाज झाला, पत्र्यावर ॲल्युमिनियमचे शिंतोडे. चामडी बूट, गॉगल आणि जाड मोजे होते म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांना एकच सांगतो, भट्टीजवळ ओलं काही नको, आणि खाली काँक्रीट नको, कोरडी वाळू पसरा. काँक्रीटमध्येही पाणी असतं, गरम धातू पडला की ते तडतडून उडतं.

तिसऱ्या वेळी बेड चांगला आला. त्यावर पोलादाच्या दोन फुटी ब्राइट पट्ट्या बसवायच्या, तेच रूळ. इथून खरी गोष्ट सुरू होते.

पट्टी दिसायला सपाट असते. प्रत्यक्षात नसते. ती मशीनवर एका बाजूने जास्त कापली तर आतला ताण सुटून पापडासारखी वाकते. म्हणून थोडं थोडं खरवडायचं, तेही जिथे उंच आहे तिथेच. आता उंच कुठे आहे हे कळणार कसं? त्यासाठी आधी एक खरोखर सपाट पाटी हवी. आणि ती पाटी सपाट आहे हे कशावरून? तिला तपासायला आणखी एक सपाट पाटी लागेल. हा गुंता ज्या रीतीने सुटतो ती मला या सगळ्या उद्योगात सर्वात आवडलेली गोष्ट आहे.

तीन पाट्या घ्यायच्या. दोन नाही, तीन. मी बिडाच्या, फूट बाय फूट, मागे फासळ्या असलेल्या ओतून घेतल्या. पहिलीला निळा रंग, प्रशियन ब्लू, अगदी पातळ लावायचा आणि दुसरीवर ठेवून घासायचं. दुसरीवर जिथे निळं उमटलं तिथे ती उंच. तेवढंच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. असं करत दोघी एकमेकींशी तंतोतंत जुळतात. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. मग तिसरी आणायची. ती पहिलीशी जुळवायची आणि नंतर दुसरीवर ठेवायची. आता लपवायला जागा उरत नाही. तिघी एकमेकींशी, आणि काटकोनात फिरवूनही जुळल्या तरच त्या सपाट. मॉडस्लेंच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ही रीत विद्वानांच्या सभेत निबंध वाचून मांडली. ती करायला वीज लागत नाही, मोजपट्टीही लागत नाही.

जुन्या चपट्या कानशीचे दात ग्राइंडरवर घालवून मी स्क्रेपर केला. एका फटक्यात काही मायक्रॉनच निघतात. माणसाचा केस साधारण ६० ते ७० मायक्रॉन जाड. रोज दोन तास, खांदा भरून येईपर्यंत. दोन महिने झाले आणि पाट्या जुळेनात. मधोमध उंच, कडा खाली. जितकं खरवडावं तितकी कड आणखी खाली. मी खुर्चीवर बसलो आणि हसायलाच लागलो. कारण हा दोष मला ओळखीचा होता. माझा हात डुलत होता. ४५ वर्षांपूर्वी जसा डुलत होता तसाच.

नववीतला फिटिंगचा पहिला जॉब आठवतोय ना? ५० बाय ५० मिलीमीटरचा, १० जाडीचा एम.एस.चा तुकडा. चारही कडा कानशीने सरळ आणि काटकोनात. व्हाइससमोर डावा पाय पुढे. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती यायची. हात डुलला की कड मधे फुगते. सर तुकडा खिडकीकडे धरायचे, त्यावर गुण्या लावायचे, आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत द्यायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माझा जॉब अकरा वेळा परत आला. घासून घासून ५० चा ४६ झाला, तरी उजेड दिसायचाच.

माझ्या शेजारच्या व्हाइसवर जो होता तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंच असेल. त्याचे हात देवाने वेगळेच घडवले होते. त्याने एका आठवड्यात जॉब केला, आणि वेळ उरला म्हणून उरलेल्या तुकड्यातून दुसराही केला. जमा करायच्या आदल्या दिवशी त्याने तो दुसरा माझ्या हातात ठेवला. मी नको म्हणालो नाही. नंबरांचे पंच घेतले आणि त्यावर माझा रोल नंबर ठोकला, ३४.

सरांनी तो खिडकीकडे धरला. उजेड दिसला नाही. सरांनी वर्गाला दाखवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अकरा वेळा परत दिला होता याला. बघा." दहापैकी दहा. तो जॉब नमुना म्हणून काचेच्या कपाटात गेला. ज्याने तो केला होता त्याला स्वतःच्या जॉबवर आठ मिळाले. तो काही बोलला नाही. मीही नाही. तीन वर्षांनी माझा धाकटा भाऊ नववीत गेला आणि घरी येऊन आईला सांगू लागला, "दादाचा जॉब अजून कपाटात आहे." आईने शेजारी सांगितलं. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

त्या दोन गुणांनी कुणाचं आयुष्य बदललं असं मी म्हणत नाही. घरच्या परिस्थितीमुळे तो दहावीनंतर उद्यमनगरात लेथवर लागला, मी कॉमर्सला गेलो आणि बँकेत. आज त्याचं स्वतःचं मशीन शॉप आहे. माझ्या पट्ट्यांची गोष्ट त्याच्या कानावर गेली तेव्हा त्याचा लगेच फोन आला, "मर्दा, कशाला खरवडत बसलाईस? आण की इकडं. अर्ध्या तासात ग्राइंडिंग मारून देतो." पुन्हा तेच! याच माणसाकडून, त्याच उदार मनाने. मी म्हणालो, "नको." तो म्हणाला, "का?" मी म्हणालो, "असंच." त्याला थोडा राग आला असावा. महिनाभर फोन नव्हता.

तर लेथ विकत का घेतला नाही, त्याचं हे उत्तर. सुरुवातीला मलाही ते ठाऊक नव्हतं. तो फोन ठेवल्यावर कळलं.

मग मी पाट्या बाजूला ठेवल्या आणि तीन आठवडे नुसती कानस चालवली. डावा पाय पुढे. ओट्याची उंची कोपराला येईल अशी करून घेतली, आधी ती कमी होती. हात डुलायचा थांबला असं नाही, पण कधी डुलतो ते कळायला लागलं. दमल्यावर डुलतो, आणि उरकायची घाई असली की डुलतो. त्यानंतर पाट्या चार महिन्यांत जुळल्या. चौरस इंचात दहा-बारा निळे ठिपके, सगळीकडे सारखे. त्या पाटीवरून बेडचे रूळ केले, आणि दोन फूट लांबीत पीळ राहू नये म्हणून मागून आणलेल्या बारीक लेव्हलने टप्प्याटप्प्याने तपासले.

पुढचं भराभर सांगतो. हेडस्टॉकचं भोक मात्र सांगायलाच हवं. ते भोक रुळांना समांतर नसेल तर लेथ कायम निमुळता जॉब काढणार. मोठं मशीन नसताना ते समांतर करायचं कसं? हेडस्टॉकचं ओतीव धूड कॅरेजवर बांधायचं. बेडच्या दोन टोकांना दोन तात्पुरते आधार, त्यांत एक दांडा, दांड्याच्या मध्यावर एक लहानसं हत्यार. दांडा ड्रिल मशीनने फिरवायचा आणि कॅरेज रुळांवरून हळूहळू ढकलायची. धूड जसं सरकतं तसं भोक पडतं, म्हणून ते रुळांना समांतरच पडतं. दांडा किंचित तिरका बसला असला तरीही. म्हणजे लेथ पुरा व्हायच्या आत त्याने स्वतःच्याच डोक्याला भोक पाडलं. ते होत असताना मी हिला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "झालं? आमटी उतू जातीय."

चार जबड्यांचा चक, गनमेटलचे बुश आणि लीड स्क्रूचा आटे पाडलेला रॉड विकत आणला. अर्ध्या एचपीची मोटर जुनी. गेल्या चैत्रात पहिला कीस निघाला, ॲल्युमिनियमचा, लांब आणि कुरळा. मग खरी परीक्षा. चकमध्ये एक दांडा धरायचा, त्यावर १०० मिलीमीटर अंतराने दोन कडी ठेवायची, दोन्ही एकाच हलक्या कटमध्ये कातायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. पहिल्या दिवशी फरक आला ०.११ मिलीमीटर. हेडस्टॉकखाली पितळी पत्र्याचे तुकडे घालून, पुन्हा खरवडून, नऊ दिवसांनी ०.०२. कारखान्यातले लोक याला फार मानणार नाहीत. मी त्या रात्री दोनदा उठून शेडमध्ये जाऊन आलो.

त्यावर आतापर्यंत नातवाचा भोवरा झाला, शेजारच्यांच्या पाणी खेचायच्या पंपाचा बुश झाला. फार मोठं काही नाही.

काल रात्री तिसऱ्या रांगेतल्या मित्राला मी फोन केला. म्हटलं, उद्या नववीतल्या जॉबचं सर्वांसमोर सांगणार आहे, तुझी हरकत आहे का? मला वाटलं, त्याला आठवणारही नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग. पण दोनातला चांगला मी तुला दिलेला, तेवढं मात्र सांग."

तेही सांगितलं.

सर, मी आज एक जॉब आणला आहे. ५० बाय ५०, १० जाडी, एम.एस. लेथला हात लावलेला नाही, नुसत्या कानशीने केलाय. मागच्या बाजूला ३४ ठोकलाय. गुण्या मी मुद्दाम आणला नाही, तो त्याच्या शॉपमधून यानेच आणलाय.

खिडकी तुमच्या उजव्या हाताला आहे, सर.